योगाला एक्स-रे मशीनसमोर उभं करणारा माणूस : लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद

पुण्याहून लोणावळा लोकल पकडली की तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली करत गाडी मावळ ओलांडते. वडगाव म्हटलं की लोकांना आठवते ती १७७९ ची लढाई, जिथे मराठ्यांनी इंग्रजांना तह करायला लावला. लोणावळा म्हटलं की चिक्की, भुशी डॅम आणि पावसाळ्यातलं ट्रॅफिक.

पण याच मावळात, लोणावळ्याच्या टोकाला एक संस्था जवळपास शंभर वर्षं एका प्रश्नामागे लागली आहे. माणूस रोज नेमाने शरीर हलवतो, वाकवतो, श्वास रोखतो, तेव्हा आतमध्ये नेमकं काय होतं? हृदयाचं काय होतं? रक्तदाबाचं काय होतं?

आज मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं. १९२४ मध्ये हा प्रश्न विचारणं म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाणं होतं. डॉक्टर म्हणणार, योग ही बुवाबाजी. साधू म्हणणार, योग ही मोजायची गोष्टच नाही.

दोघांनाही न जुमानता मोजायला बसलेल्या माणसाचं नाव होतं जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतं.

गरिबी, संस्कृत आणि बडोद्याचा आखाडा

जगन्नाथ गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा. गाव डभोई, बडोदा संस्थान. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. शिक्षणासाठी इतरांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागलं. पण पोरगा हुशार होता. १९०३ मध्ये मॅट्रिक झाला आणि संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली. पुढे बडोदा कॉलेजातून १९१० मध्ये पदवी घेतली.

त्या काळचं बडोदा म्हणजे सयाजीराव गायकवाडांचं बडोदा. अरविंद घोष तिथे शिकवून गेले होते, टिळकांच्या राजकारणाचे वारे जोरात होते. जगन्नाथरावांवर दोघांचाही प्रभाव पडला. देशासाठी काहीतरी करायचं, लग्न करायचं नाही, हे त्यांनी तरुणपणीच ठरवून टाकलं.

बडोद्यात त्यांना आणखी एक गुरू भेटले, राजरत्न माणिकराव. जुम्मादादा व्यायामशाळेचे हे माणिकराव म्हणजे देशी व्यायामाचं विद्यापीठच. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं जगन्नाथराव त्यांच्या हाताखाली तयार झाले.

पुढची सगळी गोष्ट समजायला ही तीन वर्षं महत्त्वाची आहेत. योगाकडे ते गुहेतून आले नाहीत, आखाड्यातून आले. घाम गाळल्यावर शरीर कसं बदलतं, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर पाहिलं होतं.

अमळनेरचा मास्तर, नर्मदेकाठचा गुरू

१९१६ पासून ते खानदेशातल्या अमळनेरला शिक्षक होते. पुढे तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्यही झाले. पण राष्ट्रीय वळणाचं कॉलेज सरकारला खुपणारच. १९२० मध्ये ते बंद पाडण्यात आलं.

त्याआधी, १९१९ मध्ये त्यांची गाठ परमहंस माधवदास महाराजांशी पडली. मूळचे बंगालचे हे योगी बडोद्याजवळ नर्मदेकाठी मालसरला राहत. वय झालेलं, पण योगाचं ज्ञान अफाट. जगन्नाथरावांनी त्यांच्याकडून योग शिकून घेतला. १९२१ मध्ये माधवदासजी गेले.

आता साधारणपणे अशा गोष्टीत पुढे काय होतं? शिष्य आश्रम काढतो, गुरूच्या चमत्कारांच्या कथा सांगतो, भक्त जमवतो.

या शिष्याने काय केलं? तो सरळ बडोद्याच्या हॉस्पिटलात गेला.

पोटातली पोकळी

योगात नौली नावाची एक क्रिया आहे. श्वास सोडून पोट आत खेचायचं आणि पोटाचे मधले स्नायू नळीसारखे पुढे काढून फिरवायचे. पाण्यात बसून नौली करणारे योगी गुदद्वारावाटे पाणी आत ओढून घेतात, अशी जुनी माहिती होती. काहींना तो चमत्कार वाटे, काहींना थाप.

जगन्नाथरावांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १९२० च्या सुमारास बडोद्याच्या हॉस्पिटलात एक्स-रे आणि दाब मोजणारं यंत्र वापरून हे तपासलं. उत्तर सापडलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. दाब कमी झाला की पाणी आपोआप आत ओढलं जातं. स्ट्रॉने सरबत पितो तसंच.

म्हणजे क्रिया खरी होती, चमत्कार नव्हता. या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, ‘माधवदास व्हॅक्यूम’. गुरूचं देऊळ बांधण्याऐवजी भौतिकशास्त्रातल्या एका निरीक्षणाला गुरूचं नाव देणारा शिष्य विरळाच.

लोणावळ्यात प्रयोगशाळा

ऑक्टोबर १९२४. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद झाले होते. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांना रेल्वेने जोडलेल्या लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम सुरू केलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघालं.

या नियतकालिकाची रचनाच वेगळी होती. एका बाजूला आसनं कशी करायची याची माहिती, दुसऱ्या बाजूला प्रयोगांचे आकडे, तक्ते, एक्स-रेचे फोटो. योगाचे वैज्ञानिक प्रयोग नियमितपणे छापणारं हे जगातल्या सुरुवातीच्या नियतकालिकांपैकी एक.

आणि इथेच हृदय चर्चेत आलं.

१९२६ च्या ‘योगमीमांसा’त रक्तदाबाचे प्रयोग छापले गेले. सर्वांगासन, मत्स्यासन अशा आसनांमध्ये रक्तदाब किती बदलतो? आसनात असलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि पारा वाचायचा. आज घरोघरी रक्तदाबाचं यंत्र असतं, त्यामुळे यात विशेष वाटणार नाही. पण खांद्यावर उभ्या असलेल्या माणसाचा रक्तदाब मोजावा, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

त्यांची मांडणी अशी होती : जोर-बैठकांसारख्या जोरकस व्यायामात हृदयावर मोठा ताण येतो, तर योगासनांत शरीराला फायदा होतो पण हृदयाला तेवढं राबावं लागत नाही. त्यामुळे अशक्त माणसं, वयस्कर माणसं, आजारातून उठलेली माणसंसुद्धा आसनं करू शकतात. मात्र हृदय कमकुवत असेल तर शीर्षासन, सर्वांगासन, नौली असले प्रकार सांभाळून, असा इशाराही त्यांनी आपल्या लिखाणात दिला. योगाने सगळं बरं होतं असं सांगणाऱ्यांच्या गर्दीत ही सावधगिरी वेगळी होती.

गांधीजींचा रक्तदाब

मार्च १९२७. गांधीजी दौऱ्यावर होते आणि कोल्हापुरात त्यांची तब्येत बिघडली. रक्तदाब खूप वाढला होता. डॉक्टरांनी दौरे बंद करायला लावले आणि विश्रांतीसाठी त्यांना म्हैसूर संस्थानातल्या नंदी हिल्सला नेण्यात आलं.

त्या काळी रक्तदाबावर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. विश्रांती, आहार, आणि नशीब.

गांधीजींचा या काळात कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. कोणती आसनं करावी, किती वेळ करावी, रक्तदाबावर काय परिणाम दिसतो, असा सगळा तपशील त्यात होता. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करायची हौस दोघांनाही होती. एकाला सत्याचे प्रयोग करायचे होते, दुसऱ्याला पाऱ्याच्या नळीचे.

पण विचार केला तर केवढी जोखीम होती ही. देशातला सर्वात मोठा नेता, वाढलेला रक्तदाब, आणि सल्ला देणारा एक चाळिशीतला मास्तर ज्याची संस्था जेमतेम अडीच वर्षांची. काही वेडंवाकडं झालं असतं तर कैवल्यधाम तिथेच संपलं असतं.

प्राणायामात ऑक्सिजन किती?

प्राणायामाने शरीरात प्रचंड ऑक्सिजन जातो, हे वाक्य आजही सोशल मीडियावर दिवसातून दहा वेळा दिसतं. १९३० च्या आसपासही हाच समज होता.

कुवलयानंदांनी श्वासातले वायू मोजले आणि योगाच्या बाजूने बोलायचं सोडून उलटंच सांगितलं. प्राणायामाचा फायदा जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये शोधू नका. त्यांच्या मते खरा परिणाम छातीतल्या आणि पोटातल्या दाबांच्या बदलांमधून आणि मज्जासंस्थेवर होतो.

त्याच सुमाराला अमेरिकेच्या येल विद्यापीठात शिकणारे, मूळचे त्रावणकोरचे कोवूर बेहनन लोणावळ्याला आले. ते मानसशास्त्राचे अभ्यासक. कुवलयानंदांकडे ते योग शिकले, परत जाऊन स्वतःवर मोजमापं केली आणि १९३७ मध्ये पुस्तक लिहिलं. उज्जायी प्राणायामात ऑक्सिजनचा वापर साधारण २४ टक्क्यांनी वाढतो, भस्त्रिकेत १८ टक्क्यांच्या आसपास, कपालभातीत १२ टक्के, असे त्यांचे आकडे होते.

हे आकडे नीट समजून घ्या. भरभर चालताना शरीराचा ऑक्सिजनचा वापर बसल्या जागेच्या तिप्पट-चौपट होतो, म्हणजे दोनशे-तीनशे टक्क्यांनी वाढतो. त्याच्यापुढे २४ टक्के म्हणजे किरकोळच. म्हणजे गुरू-शिष्यांचे आकडे तंतोतंत जुळले नसले, तरी मुद्दा एकच निघाला. प्राणायामाचं काम धावण्यापेक्षा वेगळं आहे.

हृदयाचा स्नायू व्यायामाने कसा बदलतो?

हा फरक कळायला हृदय कसं तयार होतं ते बघावं लागेल.

विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण ७० वेळा धडधडतं आणि दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलतं. गुणाकार केला की मिनिटाला ५ लिटरच्या आसपास.

माणूस महिनोन्‌महिने भरभर चालतो, धावतो, सायकल मारतो, पोहतो तेव्हा काय होतं? पायांचे मोठे स्नायू रक्त मागतात. ते रक्त परत येऊन हृदयात जास्त भरतं. जास्त भरलेलं हृदय जास्त ताणलं जातं आणि ताणलेला स्नायू जास्त जोराने आकुंचन पावतो. हे रोज झालं की डावा कप्पा हळूहळू मोठा आणि लवचीक होतो, त्याची भिंत बळकट होते. शरीरातलं एकूण रक्तही वाढतं.

मग एका ठोक्यात ७० ऐवजी १०० मिलिलिटर रक्त निघू लागतं. तेच ५ लिटर पुरवायला आता ५० ठोके पुरतात. मिनिटाला २० ठोके वाचले, म्हणजे दिवसाला २८ हजारांहून जास्त. दोन ठोक्यांमधली विश्रांती वाढते, आणि हृदयाच्या स्नायूला स्वतःचा रक्तपुरवठा मुख्यतः याच विश्रांतीत होतो.

खेळाडूंचं हृदय मोठं असतं हे स्वीडनच्या हेन्शेन यांनी १८९९ मध्येच स्कीइंग करणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून ओळखलं होतं. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसवाल्यांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता.

म्हणजे हृदयाच्या स्नायूला मोठा करणारा व्यायाम वेगळा, आणि कुवलयानंद ज्याचा अभ्यास करत होते तो व्यायाम वेगळा. एक हृदयाला राबवून बळकट करतो. दुसरा श्वास मंद करतो, मज्जासंस्था शांत करतो, रक्तदाब उतरायला मदत करतो. आखाड्यातून आलेल्या या माणसाने हा फरक शंभर वर्षांपूर्वी पकडला होता. फक्त राबवल्यामुळे हृदयाचं किती भलं होतं, याचे पुरावे तेव्हा यायचे होते.

हृदय थांबवणारे योगी

पण लोकांना सगळ्यात जास्त उत्सुकता वेगळ्याच गोष्टीची होती. योगी खरंच हृदय बंद पाडू शकतात का?

१९३५ मध्ये तेरेझ ब्रोस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ ईसीजीचं यंत्र घेऊन भारतात आल्या होत्या. एका योग्याच्या ईसीजीच्या रेषा जवळपास नाहीशा झाल्याचं त्यांनी नोंदवलं आणि जगभर चर्चा झाली.

१९५७ मध्ये अमेरिकेहून मॅरियन वेंगर आणि बसू कुमार बागची हे दोन शास्त्रज्ञ मोठं नोंदणीयंत्र घेऊन भारतभर फिरले. लोणावळ्यातही त्यांनी योगाभ्यास करणाऱ्यांच्या चाचण्या घेतल्या. कुवलयानंद तेव्हा ७४ वर्षांचे होते. बाहेरचे लोक यंत्रं घेऊन येणार, आपल्या लोकांना तारा जोडणार आणि काय निघेल ते छापणार. दुसरा एखादा असता तर दार लावून घेतलं असतं. इथे दार उघडंच होतं.

हृदय थांबवण्यावरचा निष्कर्ष दिल्लीच्या एम्सचे बी. के. आनंद यांच्यासह १९६१ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात आला. हृदय थांबत नाही.

मग नाडी लागेनाशी का होते? योगी श्वास रोखून छातीचे आणि पोटाचे स्नायू जोरात आवळतात. छातीतला दाब वाढतो, शिरा दबतात, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. हृदयात रक्तच कमी, तर मनगटापर्यंत लाट कुठून येणार? स्टेथोस्कोपने ऐकावं तर आवळलेल्या स्नायूंच्या आवाजात हृदयाचा आवाज बुडून जातो. पण ईसीजीवर ठोका नियमित उमटत राहतो.

नौलीच्या वेळी जे झालं तेच इथेही. जे दिसत होतं ते खरं होतं, पण कारण चमत्काराचं नव्हतं, दाबाचं होतं.

चौपाटीपासून हॉस्पिटलपर्यंत

दरम्यान काम पसरत गेलं. १९३२ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि १९३६ मध्ये ती मरीन ड्राइव्हला चौपाटीजवळ गेली. ऑफिसला जाणारे मुंबईकर पाठदुखी, दमा, पोटाच्या तक्रारी घेऊन तिथे येऊ लागले. शाळेतल्या मुलांना एकत्र आसनं करता यावीत म्हणून त्यांनी ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक लिहिलं. शाळांतल्या शारीरिक शिक्षणासाठी सरकारी समित्यांवर काम केलं. आज शाळेच्या मैदानावर ओळीत उभं राहून मुलं ताडासन करतात, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

१९५१ मध्ये लोणावळ्यात योगाचं कॉलेज सुरू झालं. १९६१ मध्ये योगोपचारांचं हॉस्पिटल उभं राहिलं. १८ एप्रिल १९६६ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी स्वामी कुवलयानंद गेले. पुढची धुरा त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी सांभाळली.

ते गेले त्याच १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आलं. त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. आठ आठवड्यांच्या व्यायामाने ती परत आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केलं होतं. आणि पन्नाशीतही सहा महिन्यांच्या व्यायामाने त्यांची क्षमता विशीतल्या मूळ पातळीवर आली.

कुवलयानंद बरोबर होते का?

काही बाबतींत हो, काही बाबतींत नाही. त्यांचे प्रयोग थोड्या लोकांवर होते, तेही बहुतेक आपल्याच विद्यार्थ्यांवर. तुलनेसाठी दुसरा गट ठेवायची आजची पद्धत त्यात नव्हती. आसनांचा अमुक ग्रंथींवर तमुक परिणाम होतो अशी काही विधानं त्यांनी केली, ज्यांना आजच्या विज्ञानाचा भक्कम आधार नाही.

पण त्यांनी विचारलेला प्रश्न आता मोठ्या प्रमाणावर तपासला जातोय. भारतातल्या २४ हॉस्पिटलांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगाचा अभ्यास झाला आणि २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. योग करणाऱ्यांना आपली तब्येत जास्त चांगली वाटत होती, रोजच्या कामांना ते जास्त प्रमाणात परतले. पण मृत्यू, पुन्हा झटका अशा मोठ्या घटनांमध्ये दोन गटांत ठोस फरक सिद्ध झाला नाही.

म्हणजे घरच्या आजोबांना झटका येऊन गेला असेल, तर योगाची मदत होते. पण योग सुरू केला म्हणून गोळ्या बंद, चालणं बंद, हे चालणार नाही. हृदयाच्या स्नायूला भरभर चालण्याचा ताणही लागतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. आणि आधीपासून हृदयाचा त्रास असेल तर शीर्षासन करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, हा सल्ला तर लोणावळ्याहून कधीच देऊन झालाय.

दर २१ जूनला टाइमलाइन योगाच्या फोटोंनी भरते. कोणी म्हणतं योगाने कॅन्सर जातो, कोणी म्हणतं योग म्हणजे नुसतं स्ट्रेचिंग. या दोन्हींपैकी काहीही फॉरवर्ड करण्याआधी लोणावळ्याच्या त्या मास्तरची पद्धत वापरून बघायला हरकत नाही. आधी मोजायचं, मग बोलायचं.